मराठीच्या तासाला एआय

नववी-दहावीच्या मुलांना एआय भाषा कशी चालवतं हे शिकवायचं असेल, तर त्यांना लगेच संगणक कक्षात नेऊ नका. वर्गातच बसू द्या, फळ्यावर पाच वाक्यं लिहा आणि चिठ्ठ्या तयार करायला सांगा. शाळांमध्ये एआय आणण्याची सध्या घाई आहे आणि ती रास्तही आहे, कारण मुलं त्याच्याकडून निबंध लिहून घेऊ लागली आहेत, प्रकल्पवह्या भरू लागली आहेत. पण हा विषय कोणत्या तासाला शिकवायचा, यावर फारसं कुणी बोलत नाही. भाषेपुरतं माझं उत्तर ठाम आहे: मराठीच्या तासाला, गणिताच्या शिक्षकांना सोबत घेऊन.

सीबीएसईने २०१९-२० पासून नववीला एआय हा विषय ऐच्छिक म्हणून सुरू केला. दहावीच्या अभ्यासक्रमात भाषेवर स्वतंत्र प्रकरण आहे. मजकुराचे तुकडे करणं, शब्दाचं मूळ रूप काढणं, कोणता शब्द किती वेळा आला ते मोजणं, असं बरंच काही त्यात येतं. प्रकरण चांगलं आहे, पण त्यातली उदाहरणं इंग्रजी वाक्यांची आहेत. इंग्रजी शब्दाचं मूळ रूप बहुतेक वेळा शेवटची एक-दोन अक्षरं छाटली की हाती येतं. मराठीत ‘घराबाहेरच्यांनासुद्धा’ या एका शब्दातून ‘घर’ बाहेर काढायचं तर चार-पाच थर उकलावे लागतात. ते उकलण्याची साधनं, म्हणजे सामान्यरूप, विभक्ती, शब्दयोगी अव्यय, आपल्या मुलांना व्याकरणाच्या तासाला आधीच मिळालेली असतात. ती परीक्षेपलीकडे कुठे लागतात, हे मात्र त्यांना कुणी दाखवलेलं नसतं.

आता फळ्यावरची वाक्यं. पाऊस आला. आई शेतातून आली. पाऊस आला तेव्हा आई घरी नव्हती. आई आली तेव्हा पाऊस थांबला नव्हता. भाऊ घरी नव्हता.

मुलांनी एवढंच करायचं: प्रत्येक शब्दानंतर कोणता शब्द आला आणि किती वेळा, याचा तक्ता मांडायचा. ‘पाऊस’नंतर ‘आला’ दोनदा, ‘थांबला’ एकदा. ‘तेव्हा’नंतर एकदा ‘आई’, एकदा ‘पाऊस’. वाक्य कुठे संपलं तेही टिपायचं. मग तक्त्याप्रमाणे चिठ्ठ्या करायच्या. ‘पाऊस’च्या डब्यात दोन चिठ्ठ्या ‘आला’च्या, एक ‘थांबला’ची. चिठ्ठी निघेल तो शब्द लिहायचा आणि त्या शब्दाच्या डब्याकडे जायचं. ‘थांबला’ निघण्याची संभाव्यता एक तृतीयांश, हे दहावीच्या बीजगणितातलं प्रकरण इथे आपोआप कामाला लागतं.

अशा चिठ्ठ्यांतून कधीतरी हे वाक्य निघेल: पाऊस आला तेव्हा पाऊस थांबला नव्हता. फळ्यावर ते कुठेच नव्हतं, तरी व्याकरणाने निर्दोष आहे. अर्थ मात्र जुळत नाही. मुलांना इथे थांबवावं आणि या वाक्यावर हवा तेवढा वेळ बोलू द्यावं. नीटनेटकी भाषा म्हणजे खरी माहिती नव्हे, ही गोष्ट भाषण देऊन सांगितली तर मुलं विसरतात. स्वतःच्या हाताने काढलेल्या चिठ्ठ्यांतून ती समोर आली, तर एआयने आत्मविश्वासाने दिलेलं चुकीचं उत्तर वाचताना आठवण्याची शक्यता कितीतरी जास्त.

याच खेळातून दुसरं एक वाक्य निघतं: आई घरी नव्हता. हे ऐकून वर्ग हसेल, कारण प्रत्येक मुलाचा कान ही चूक पकडतो. ती का झाली? ‘घरी’च्या डब्यात ‘नव्हती’ही आहे आणि ‘नव्हता’ही. डब्याला फक्त मागचा एक शब्द माहीत, त्यामागे आई होती की भाऊ, याचा त्याला पत्ता नाही. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि त्याचं लिंग-वचन बरंच मागे राहिलेल्या शब्दावरून ठरतं. कोणत्या शब्दावरून, तेही पक्कं नाही. राजू आंबा खातो, यात क्रियापद राजूकडे पाहतं; राजूने पोळी खाल्ली, यात पोळीकडे. ‘प्रयोग ओळखा’ हा प्रश्न आपण वर्षानुवर्षं गुणांसाठी सोडवत आलो. पुढचा शब्द ठरवताना मागच्या कोणत्या शब्दाकडे किती लक्ष द्यायचं, हाच तो प्रश्न. २०१७ साली गूगलच्या संशोधकांनी ‘ट्रान्सफॉर्मर’ ही रचना मांडली, तिचा गाभा हा आहे. आजचे मोठे भाषा-नमुने, म्हणजे लँग्वेज मॉडेल्स, याच रचनेवर उभे आहेत. त्यांना कर्तरी-कर्मणीचे नियम कुणी शिकवलेले नसतात. प्रचंड मजकुरातला पुढचा शब्द पुन्हा पुन्हा ओळखताना कोणत्या शब्दाकडे किती लक्ष द्यायचं, याची वजनं त्यांनी बसवलेली असतात. चिठ्ठ्यांचा डबा आणि हे नमुने यांत फार मोठं अंतर आहे, तेही मुलांना स्पष्ट सांगायला हवं.

हे सगळं कागदावर शिकवणं म्हणजे गरीब शाळांसाठीची तडजोड, असं कुणाला वाटेल. तसं अजिबात नाही. आंद्रेय मार्कोव्ह या रशियन गणितज्ञाने १९१३ साली पुश्किनच्या ‘येवगेनी ओनेगिन’मधली २०,००० अक्षरं हाताने मोजली आणि स्वरानंतर व्यंजन येण्याची, व्यंजनानंतर स्वर येण्याची शक्यता काढली. बेल लॅब्जमधल्या क्लॉड शॅनन यांनी १९४८च्या गाजलेल्या निबंधात इंग्रजीसारखी दिसणारी वाक्यं तयार केली, तीही पुस्तक कुठेही उघडून, एक शब्द शोधून, त्यापुढचा शब्द टिपत टिपत. मुलांनी तेच करायचं आहे.

संगणकाकडे यानंतर जावं, आणि जाताना आपली लिपी सोबत न्यावी. ‘शाळेतल्या’ हा शब्द संगणक कसा साठवतो, ते मुलांना सुटं करून लिहू द्या: श, काना, ळ, मात्रा, त, ल, हलन्त, य, काना. नऊ चिन्हं. प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे झाले सत्तावीस. इंग्रजीतला ‘स्कूल’ सहा अक्षरांचा, तो सहा बाइटांत मावतो. भाषा-नमुना मजकुराचे तुकडे करतो ते त्याला वारंवार दिसलेल्या जोड्यांवरून. मराठी कमी दिसली असेल तर आपल्या शब्दांचे तुकडे जास्त पडतात आणि तेवढ्याच मजकुराला खर्चही जास्त येतो. इंग्रजी विकिपीडियावर सत्तर लाखांच्या आसपास लेख आहेत, मराठी विकिपीडियावर एक लाखाच्या आसपास. हे आकडे शेजारी शेजारी पाहिल्यावर मुलं स्वतःच विचारतील की मग आमची अहिराणी, आमची मालवणी यात किती असेल. त्या प्रश्नाला तासात जागा ठेवा. आयआयटी मुंबईत मराठी शब्दांचं वर्डनेट, म्हणजे शब्दांचे अर्थसंबंध जोडणारा कोश, उभं राहिलं, पुण्यात एल३क्यूब या गटाने मराठीसाठी नमुने आणि मजकुराचे साठे तयार करून खुले केले. हे काम आपल्याच भाषेत चालू आहे, हेही मुलांच्या कानावर पडायला हवं.

खरी अडचण संगणकांची नाही, शिक्षकांच्या धास्तीची आहे. मराठीच्या बाईंना वाटतं हे तंत्रज्ञान आपल्या आवाक्याबाहेरचं, आणि संगणकाच्या सरांना प्रयोग शिकून कैक वर्षं झालेली असतात. दोघांना एकत्र बसवून प्रशिक्षण द्यायला हवं आणि ते अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी मनावर घ्यायला हवं. सुरुवात परीक्षेपासून केली तरी चालेल, कारण जे विचारलं जातं तेच आपल्याकडे शिकवलं जातं. चार गुणांचा प्रश्न: पाच वाक्यं दिली आहेत, शब्दजोड्यांचा तक्ता करा, त्यातून एक नवं वाक्य तयार करा, ते व्याकरणात चुकतं की अर्थात हे सांगा आणि का ते दोन ओळींत लिहा.