गडकरीसाहेब, गाडी फार बोलते

मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री, नवी दिल्ली

गडकरीसाहेब,


मी साताऱ्यात मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवते. शिकायला कॉलेजची पोरं येतात, बँकेतून निवृत्त झालेले काका येतात, मुलगा-सून परदेशी गेल्यावर ‘आता आपलं आपणच शिकलेलं बरं’ म्हणून बायका येतात. अलीकडे आणखी काही मंडळी वाढली आहेत. यांचं पक्कं लायसन्स जुनं, हात बसलेला, कोल्हापूर-पुणे डोळे मिटून करतील असे. नवी गाडी घेतली की दोन-चार दिवसांत येतात आणि म्हणतात, ‘मॅडम, जरा ही गाडी समजावून सांगा.’ त्यांना गाडी चालवता येते, पण गाडी काय म्हणतेय ते कळत नाही. हे पत्र मुख्यतः त्यांच्या वतीने.

जुन्या गाड्यांच्या आठवणीत रमणाऱ्यांपैकी मी नाही. पद्मिनीचा स्टिअरिंगखालचा गिअर ज्यांनी ओढला आहे त्यांना पॉवर स्टिअरिंगचं मोल पटवावं लागत नाही. यवतेश्वरच्या चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलायची, ही आमच्याकडची खरी परीक्षा. मागे एसटी येऊन टेकलेली, एक हात हँडब्रेकवर, हाफ क्लचवर पाय लटपटतोय, आणि शिकणारी बाई ‘मॅडम, गाडी मागे चालली’ म्हणून ओरडतेय. आता कित्येक गाड्यांत हिल होल्ड असतं. ब्रेकवरचा पाय काढला तरी गाडी क्षणभर जागची हलत नाही, तेवढ्यात अ‍ॅक्सिलरेटर देता येतो. २०१४ मध्ये सेलेरिओमुळे क्लच नसलेली गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली, आणि ‘क्लच नाही ना? मग मी शिकते’ म्हणणाऱ्या साठीतल्या बायका माझ्या दारात उभ्या राहू लागल्या. त्यातल्या काही आज एकट्या महाबळेश्वरला जाऊन येतात. तंत्रज्ञानावर माझा राग असायचं कारणच नाही.

तीच गोष्ट एबीएसची. एप्रिल २०१९ पासून ते सगळ्या नव्या गाड्यांत आलं, हे आपल्याच मंत्रालयाचं काम. पूर्वी आम्ही शिकवायचो की ओल्या रस्त्यावर ब्रेक एकदम दाबू नका, थोडाथोडा सोडत दाबा, नाहीतर चाकं जाम होऊन गाडी घसरेल. आता उलटं शिकवावं लागतं: जोरात दाबा आणि दाबून ठेवा, सोडण्या-धरण्याचं काम गाडी करेल. त्या वेळी पेडल पायाखाली थरथरतं. हे कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून जुना ड्रायव्हर दचकतो आणि नेमक्या त्या क्षणी पाय उचलतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या ३१व्या नियमात आम्ही काय शिकवायचं त्याचा अभ्यासक्रम आहे. तो लिहिला गेला तेव्हा रस्त्यावर अँबेसेडर, पद्मिनी आणि मारुती ८०० धावत होत्या. 

एबीएस आणि एअरबॅग यांच्याबद्दल एकाही ड्रायव्हरची तक्रार मी ऐकलेली नाही. कारण ती गप्प असतात. गरज पडेपर्यंत त्यांचं अस्तित्व जाणवत नाही. कुरकुर आहे ती बोलणाऱ्या, वाजणाऱ्या, मध्येच स्टिअरिंग ओढणाऱ्या आणि बोटांनी चाळायला लावणाऱ्या यंत्रणांबद्दल.

वेगाच्या इशाऱ्याचंच घ्या. १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या गाडीत तो सक्तीचा आहे. ताशी ८० किलोमीटर ओलांडले की अधूनमधून टूं वाजायचं, १२० च्या पुढे अखंड वाजायचं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात १०० ची परवानगी आहे. म्हणजे माणूस कायद्याने चालला आहे आणि गाडी त्याला टोकते आहे. आमच्या बोगद्याच्या रस्त्यावर, शाळा सुटायच्या वेळेला, कुणी साठने गेला तर मात्र तीच गाडी मुकाट. रस्ता कुठला, वेळ कुठली, याच्याशी त्या आवाजाला काही देणंघेणं नाही. दोन महिन्यांत कान त्या टूंला सरावतात, आणि मग जो आवाज खरोखर ऐकायला हवा तोही त्याच पोत्यात जातो.

तो ऐकायला हवा असलेला आवाज म्हणजे सीटबेल्टचा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता. त्यानंतर आपण मागच्या बेल्टबद्दल जे बोललात ते घराघरात पोहोचलं. आपल्याच मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे त्या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, आणि बेल्ट न लावलेली त्यांत १६,७१५ होती. एवढं असूनही बेल्टच्या खाचेत नुसतं बक्कल खुपसून आवाज बंद करायची क्लिप या देशात राजरोस विकली जात होती. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्रेत्यांना ती काढायला लावली, तेव्हा अशा १३,११८ जाहिराती उतरवल्या गेल्या.

ती क्लिप लावणाऱ्यांना मी रोज भेटते. मूर्ख म्हणून सोडून द्यावं तर त्यातले बरेचजण शहाणेसुरते आहेत. बाजूच्या सीटवर भाजीची पिशवी ठेवली तरी गाडी बोंबलते, म्हणून वैतागून क्लिप घेतली, असं सांगतात. त्यांचं समर्थन मी करत नाही. वर्गात ती क्लिप दिसली की मी काढून घेते आणि परत देत नाही. पण अकारण बोलणाऱ्या यंत्राचं तोंड माणूस बंद करतोच, आणि कारण असलेलं बोलणंही त्याबरोबर बंद होतं, हे नियम करणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवं.

आता सगळ्यात मोठी गोष्ट: अ‍ॅडास. काचेमागे कॅमेरा, बंपरमध्ये रडार; पुढची गाडी ओळखायची, लेन ओळखायची, वेळ पडली तर आपणहून ब्रेक मारायचा. २०२१ मध्ये एक्सयूव्ही ७०० आली आणि हा शब्द शोरूममधून थेट लग्नाच्या बैठकीत गेला. डेमोच्या वेळी सेल्समन स्टिअरिंगवरचे हात सोडून दाखवतो आणि घरची मंडळी टाळ्या वाजवतात. गाडीच्या पुस्तकात मात्र लिहिलेलं असतं की हात सोडू नका, जबाबदारी सर्वस्वी चालकाची. ते पुस्तक डॅशबोर्डच्या खणात प्लास्टिकसकट पडून असतं.

महामार्गावर याचा उपयोग होतो, हे मान्य करते. पुढच्या गाडीपासून अंतर राखणारं क्रूझ लांबच्या प्रवासात पायाला आराम देतं. समोरच्या ट्रकने कचकन ब्रेक मारल्यावर ‘गाडीने मला वाचवलं’ असं हात जोडून सांगणारा माणूसही मी पाहिला आहे. पण आमच्याकडे ते राखलेलं अंतर रिकामं राहत नाही. अर्ध्या मिनिटात कुणीतरी त्यात गाडी घालतो, मग आपली गाडी आणखी मागे सरते, मग आणखी एकजण घालतो. लेनची मदत पांढऱ्या पट्ट्यांवर चालते. पट्टे पुसलेले, किंवा काम चालू म्हणून जुन्यावर नवे मारलेले, की स्टिअरिंग भलतीकडे ओढ घेतं. खंबाटकीचा बोगदा ओलांडून पुण्याकडे उतरताना जे एस आकाराचं वळण आहे, तिथे मुळातच माणसाच्या जिवाची घालमेल असते. त्यात स्टिअरिंगने हातात हिसका दिला तर काय वाटेल, याची कल्पना आपण करू शकाल. पावसाळ्यात चिखल उडाला की ‘सेन्सर झाकला आहे’ असा निरोप येतो आणि सगळी यंत्रणा रजेवर जाते. खेड्यातून बाहेर पडताना डावीकडून स्कूटर कापून गेली की गाडी स्वतःहून ब्रेक मारते. ब्रेक योग्यच असतो, पण मागे दोन हातांवर चिकटून आलेल्या टेंपोला ते ठाऊक नसतं.

परिणाम असा की गाडी सुरू केल्याबरोबर अ‍ॅडास बंद करणारे लोक आहेत. त्यासाठी पैसे मोजून वरचं मॉडेल घेतलेलं असतं, हे विशेष.

ड्रायव्हरच्या नोकऱ्या जातील म्हणून चालकविरहित गाड्या भारतात येऊ देणार नाही, असं आपण नागपुरात म्हणाला होता. ते ऐकून आमच्या धंद्यातल्या लोकांना बरं वाटलं. पण अर्धी-चालकविरहित गाडी तर आलेलीच आहे, आणि ती कशी चालवायची हे शिकवायची जबाबदारी आजच्या घडीला कुणाचीच नाही. शोरूमवाला चावी, हार आणि पेढे देतो. आम्ही क्लच-ब्रेक शिकवतो. मधली जागा रिकामी आहे.

पडद्याबद्दलही लिहायलाच हवं. जुन्या गाडीत एसीचा गोल खटका असायचा, हात न बघता तिथे जायचा. आता तो पडद्यात गेला आहे. जुलैत कासच्या रस्त्यावर धुकं उतरतं, पाऊस, आत चार माणसांचे श्वास, समोरच्या काचेवर वाफ धरते. त्या वेळी काचेवर वारा सोडायचं चित्र पडद्याच्या कुठल्या पानावर आहे हे शोधत बसायला वेळ नसतो. खडबडीत रस्त्यावर बोट ठरल्या जागी पडत नाही ते वेगळंच. स्वीडनमधल्या ‘वी बिलॅगरे’ या मासिकाने २०२२ मध्ये याची चाचणी घेतली. ताशी ११० च्या वेगाने जाताना चार साधी कामं करायची, आणि तेवढ्या वेळात गाडी किती अंतर कापते ते मोजायचं. २००५ सालच्या, बटणं असलेल्या व्होल्वोला दहा सेकंद लागले आणि ३०६ मीटर. सगळ्यात वाईट ठरलेल्या नव्या गाडीने त्याच कामांसाठी १३७२ मीटर खाल्ले. धावपट्टीवर केलेली चाचणी आहे ती. खंडाळ्याच्या घाटात नव्हे.

युरोपात गाड्यांच्या सुरक्षेला तारे देणाऱ्या युरो एनकॅपने या बाबतीत धडा घेतला. २०२६ पासून पूर्ण गुण हवे असतील तर इंडिकेटर, हॅझार्ड लाइट, हॉर्न, वायपर आणि मदत मागायची कळ यांना हाताला लागणारे खटके ठेवावे लागतील. आपल्या खात्याने हॉर्नमधून बासरी-तबला ऐकवायचा विचार केला होता. मला तर हॉर्न हाताखाली सापडला तरी पुरे.

भारत एनकॅप ही आपल्या कारकिर्दीतली मोठी गोष्ट आहे, असं मी मनापासून मानते. १ ऑक्टोबर २०२३ पासून ती लागू झाली, आणि आज गाडी घेणारे काका मायलेजच्या आधी विचारतात, ‘स्टार किती?’ हा बदल मी माझ्या ऑफिसात बसून पाहिला आहे. पण तारे मिळतात ते मुख्यतः धडक झाल्यावर काय होतं त्यावर: ६४ च्या वेगाने समोरून, ५० च्या वेगाने बाजूने, २९ च्या वेगाने खांबावर. धडकेच्या आधी ड्रायव्हरचे डोळे कुठे होते, हे गाडी कशी बनवली आहे त्यावरही ठरतं, आणि त्याला गुण नाहीत. माझी मागणी तेवढीच आहे. काचेवरची वाफ घालवायला किती सेकंद नजर रस्त्यावरून हलते ते मोजा. इशारा किती वेळा खरा आणि किती वेळा फुकट वाजतो ते मोजा. दोन्हीचे गुण ताऱ्यांत धरा. कंपन्या मग आपोआप खटके परत बसवतील. त्यांना आमचं पत्र वाचायची गरज पडणार नाही.

दुरुस्तीबद्दल थोडक्यात. महामार्गावर ट्रकच्या चाकाखालचा खडा उडून काच फुटणं नेहमीचंच. पूर्वी गावातला काचवाला दुपारपर्यंत नवी बसवून द्यायचा. आता काचेमागे कॅमेरा आहे, काच बदलली की तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, आणि त्याचं साधन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडेच. गावातला मिस्त्री काच बसवतो, कॅमेरा तसाच राहतो, आणि मालकाला वाटतं अ‍ॅडास चालू आहे. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना देत नाहीत म्हणून स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये चौदा कार कंपन्यांना २,५०० कोटींहून जास्त दंड लावला होता. प्रकरण अपिलात गेलं. आमचा मिस्त्री अजून त्याच जागी उभा आहे, आता स्कॅनरअभावी.

बस आणि ट्रकांमध्ये आपोआप ब्रेक आणि डुलकीचा इशारा सक्तीचा करण्याचा मसुदा आपण मार्च २०२५ मध्ये काढलात. रात्री महामार्गावरून जाणाऱ्या कुणालाही तो हवाच आहे. फक्त एक विनंती. युरोपातल्या चाचण्यांत या यंत्रणांपुढे माणसाचा पुतळा ठेवतात, सायकलवाल्याचा ठेवतात, मोटारसायकलवाल्याचा ठेवतात. आमच्याकडे नोव्हेंबरात गळीत हंगाम सुरू झाला की रात्री ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या निघतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाच्या पाल्याने झाकलेला, ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर. कॅमेऱ्याला हे वाहन वाटतं की शेत, हे कुठल्या परदेशी चाचणीतून कळणार नाही. आपल्या चाचणीच्या लोकांना एका हंगामात फलटण-बारामती किंवा कराड-इस्लामपूर रस्त्यावर पाठवा. ट्रॉली रिकामी, भरलेली, आणि चढावर बंद पडून चाकाला दगड लावलेली, अशी तिन्ही ठेवून बघा. कारखान्यांचे चेअरमन ट्रॉल्या द्यायला नाही म्हणणार नाहीत. आपला शब्द असेल तर नक्कीच नाही.

कळावे,

आपली,
ड्रायव्हिंग स्कूलची एक चालक, सातारा