गारठा अंगात शिरतो तेव्हा

बऱ्हाणपूरच्या उन्हाळ्याची कीर्ती दूरवर पसरलेली आहे. येथील थंडीविषयी मात्र कोणी बोलत नाही. तापीकाठचा वैशाख कसा भाजून काढतो, हे पाहुण्यांना आम्ही काहीशा अभिमानानेच सांगतो. त्यामुळे पौषातल्या रात्री येथे एखाद्याचा जीव थंडीने धोक्यात येईल, हे आम्हालाही दोन वर्षांपूर्वीपर्यंत खरे वाटले नसते.

आमच्या नात्यातले एक काका, वय सत्तरीच्या पुढे, रात्रीची वीज आली म्हणून केळीच्या बागेला पाणी द्यावयास गेले. धोतर भिजले, वाराही सुटला होता. पहाटे परतले तेव्हा जीभ जड झालेली, पाय अडखळणारे. सदऱ्याची गुंडी काही केल्या निघेना. घरच्या मंडळींना भलताच संशय आला आणि त्यांनी रागारागाने त्यांना ओसरीवरच निजू दिले. आधी अंग थडथडत होते, ते हळूहळू थांबले. बरे वाटले असावे, असा सर्वांनी समज करून घेतला. वास्तविक भयाची घटका तीच होती.

शरीराच्या आतले तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे ९५ अंश फॅरनहाइटच्या खाली उतरले की त्या अवस्थेस हायपोथर्मिया म्हणतात. त्यासाठी बर्फ लागत नाही. ओले वस्त्र, वारा आणि म्हातारपण एवढे पुरते. हुडहुडी ही देहाची ऊब निर्माण करण्याची धडपड असते. ऊब परतण्याआधीच ती थांबली, तर देहाने हार मानली असे समजावे. घरातल्या थर्मामीटरवर विसंबू नये. त्यावरील खुणा बहुधा याच आकड्यापाशी संपतात.

शेजारच्या निवृत्त परिचारिकाबाई धावून आल्या, तेव्हा घरात गरम तेलाने हातपाय चोळण्याची तयारी चालली होती. बाईंनी ती थांबविली. देह फार थंडावला असता हृदय नाजूक होते आणि धसमुसळेपणाने त्याचा ताल बिघडू शकतो. त्यांनी काकांना अलगद आत आणवून आडवे केले, ओले कपडे उतरविले, अंग टिपून डोक्यासह गोधड्यांत गुंडाळले, आणि गरम पाण्याची बाटली फडक्यात बांधून छातीशी ठेवली. हातापायांआधी धड तापवावे, हे सूत्र. माणूस शुद्धीवर असून नीट गिळत असेल, तरच गोड कोमट चहा द्यावा. ब्रँडीचा चमचा कदापि देऊ नये. मद्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि उरलीसुरली ऊबही निघून जाते. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवणे तर त्याहून वाईट; तिच्या विषारी वायूला वासही नसतो. हे सारे चालू असतानाच दवाखान्याची गाडी बोलवावी.

थंडगार पडलेल्याला मेलेला समजण्याचीही घाई करू नये. १९९९ साली नॉर्वेमध्ये आन्ना बोगेनहोल्म ही डॉक्टर स्त्री बर्फाखालच्या पाण्यात अडकली. देहाचे तापमान १३.७ अंशांवर उतरूनही ती वाचली.

केदारनाथला जाणाऱ्यांनी आणि ज्यांची मुले लडाखच्या सीमेवर आहेत त्यांनी हिमदंशही ओळखून ठेवावा. बोटे पांढुरकी, टणक व बधिर होतात. ती चोळू नयेत, शेकोटीवरही धरू नयेत. बधिर कातडी भाजलेली कळत नाही. पुन्हा गोठण्याचा संभव नसेल, तरच सदतीस ते एकोणचाळीस अंशांच्या पाण्यात बुडवावीत.

माताभगिनींसाठी एक गोष्ट. नवजात बाळ म्हाताऱ्यापेक्षाही लवकर गारठते. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना घरोघरी नवजातांची काळजी घेण्यास शिकविले, त्यात बाळाला उबदार ठेवणेही होते. जन्मताच न्हाऊ घालण्याची आपली घाई सोडावी. दिवसभर थांबावे, अंग पुसून आईच्या उघड्या छातीशी धरावे.

काका त्या दिवशी दुपारी शुद्धीवर येऊन पहिल्याने विचारते झाले, ते केळीचे पाणी पुरे झाले की नाही. याही हिवाळ्यात ते बागेत जातात. आता सोबत कोरडे धोतर आणि कानटोपी असते, आणि पिशवी विसरली तर काकू त्यांना फाटकातून परत बोलावतात.