कुत्रा आणायचा का?
धाकटीला कुत्रा हवाय. सासूबाईंना चौक्याची काळजी, मला वेगळीच. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत बंध आणि अन्नपाननिरोधही आहेत. दिवसभर साखळीला बांधायचा, आपण शिखरजीला निघालो की शेजाऱ्यांच्या भरवशावर अर्धपोटी ठेवायचा, म्हणजे दोन्ही घडले. दहा-बारा वर्षं घरी माणूस राहणार नसेल तर कुत्रा आणूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कांदा-लसूण त्यालाही बाधतो, तेवढं आपल्याकडे सोयीचं! पण नुसत्या दूध-पोळीवर त्याचं भागत नाही. आहार डॉक्टरांना विचारूनच ठरवावा लागतो. आणि गोचिड्या झाल्या तर? औषध लावलं की त्या मरणार, नाही लावलं तर तो तळमळणार. इथेच माझं अडलंय. धाकटीला सांगितलंय, सध्या गल्लीतल्या मोत्याचं पाणी तू बघ.