वाढीव अश्वशक्तीचा हिशेब

सुट्टीच्या दिवशी पहाटे पुणे-सातारा रस्त्यावर उभे राहिले, तर एक नवे दृश्य नजरेस पडते. डोक्यास हेल्मेट, अंगात जाड जाकीट, गाडीच्या दोन्ही अंगांस बांधलेल्या पिशव्या, अशा थाटात तरुणांचे जथेच्या जथे महाबळेश्वर, कोल्हापूर, आंबोली किंवा गोव्याच्या दिशेने निघालेले असतात. पोटासाठी सहा दिवस राबून सातव्या दिवशी देश पाहावयास निघणाऱ्या या पिढीकडे नाक मुरडून पाहणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. परंतु वाटेतल्या चहाच्या टपरीवर या मंडळींचे बोलणे कानी पडते, तेव्हा त्यात एक विषय हटकून असतो. तो म्हणजे, आपल्या गाडीतून आणखी शक्ती व आणखी चपळाई कशी काढावी? या प्रश्नाचा शांतपणे विचार होणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आमच्या हाताखाली शिकून गेलेला एक विद्यार्थी मध्यंतरी भेटावयास आला. पत्नीस मागे बसवून तो कोल्हापुराहून रत्नागिरीस निघाला होता. आंबा घाटात पुढे मालमोटार होती. तिला मागे टाकण्यासाठी त्याने मूठ पिळली, पण गाडीने अपेक्षेप्रमाणे उचल घेतली नाही. इतक्यात समोरून बस आली आणि केवळ हातभर अंतराने दोघे वाचले. घरी परतताच त्याने चाळीस हजार रुपये खर्चून नवा सायलेन्सर व इंजिनाची संगणकीय जुळणी करून घेण्याचे ठरविले. सुदैवाने त्याआधी गाडी एका वृद्ध कारागिराच्या हाती गेली. एअर फिल्टर धुळीने बुजलेला, चेन कोरडी व नको इतकी ताठ, मागील ब्रेक किंचित धरून बसलेला आणि टायरांतली हवा कमी, असे त्याचे निदान निघाले. दोन हजारांच्या आत काम आटोपले आणि गाडी पूर्ववत धावू लागली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा!

शक्ती ही काय वस्तू आहे, हे नीट समजून घेतले तर असे वळसे टळतील. इंजिनाचा पिळाचा जोर, ज्यास यंत्रज्ञ टॉर्क म्हणतात, आणि मिनिटास होणारे फेरे यांच्या गुणाकारातून अश्वशक्ती निघते. याचे उत्तम उदाहरण आपल्या अंगणातच आहे. बजाज कंपनीने 2016 च्या डिसेंबरात ‘डॉमिनार 400’ ही लांब पल्ल्याची गाडी बाजारात आणली, तेव्हा तिची शक्ती 8,000 फेऱ्यांस 35 अश्वशक्ती होती. 2019 साली त्याच 373 घन सेंटिमीटरच्या इंजिनातून 8,650 फेऱ्यांस जवळजवळ 40 अश्वशक्ती मिळू लागली. गंमत अशी की, टॉर्कचा कमाल आकडा पूर्वीप्रमाणेच 35 न्यूटन-मीटर राहिला. एका कॅमशाफ्टच्या जागी दोन आल्या, संपीडनाचे प्रमाण वाढविले गेले आणि इंजिनाचा श्वासोच्छ्वास सुधारल्याने तोच जोर अधिक फेऱ्यांपर्यंत टिकला. पाच अश्वशक्तींच्या वाढीसाठी एका मोठ्या कारखान्याला इंजिनाचा माथाच बदलावा लागला. मग केवळ एक नळकांडे बदलून तेवढीच वाढ पदरात पाडून देण्याचे आश्वासन जो दुकानदार देतो, त्याच्या सचोटीविषयी शंका घेण्याचा अधिकार ग्राहकास निश्चित आहे.

अर्थात या खटाटोपात सारेच थोतांड आहे, असे आमचे म्हणणे नाही. इंजिन म्हणजे अखेर हवेचा पंप. अधिक हवा आत आली, तिच्या प्रमाणात इंधन मिळाले आणि धूर विनाअडथळा बाहेर गेला, तर शक्ती वाढते. परंतु या तिन्ही गोष्टींचा मेळ बसला पाहिजे. नुसता मोकळा सायलेन्सर बसवून इंधनाचा हिशेब जुनाच ठेवला, तर मिश्रण विरळ होऊन इंजिन तापते व काही फेऱ्यांच्या टप्प्यात जोर उलट घटतो. आवाज मात्र दुप्पट होतो आणि कान मनास फसवितात. शक्ती मोजावयाची ती डायनोच्या रुळांवर, शेजाऱ्यांची झोपमोड करून नव्हे. शिवाय 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या ‘बी. एस. सहा’ निकषांप्रमाणे बसविलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जो काढून फेकतो, तो आपल्या चार क्षणांच्या हौसेची किंमत रस्त्यावरील पोरासोरांच्या फुप्फुसांकडून वसूल करतो.

दुसरा मार्ग स्प्रॉकेटचा. मागील स्प्रॉकेटचे 45 दाते होते, तेथे 48 केले, तर चाकावरील ओढ सुमारे साडेसहा टक्क्यांनी वाढते आणि घाटात गाडी लवकर उचल घेते. शक्ती मात्र तसूभरही वाढत नाही; त्याच वेगास इंजिन तेवढेच अधिक फिरते, इंधन अधिक पिते आणि लांबच्या प्रवासात कंप हातांत उतरतो. तिसरा मार्ग सर्वांत स्वस्त, म्हणूनच सर्वांत उपेक्षित. गाडी, दोन माणसे व सामान मिळून 340 किलो भार असेल आणि त्यातून 20 किलो अडगळ घरी ठेवली, तर चपळाईच्या दृष्टीने 35 अश्वशक्तीच्या गाडीस दोन अश्वशक्तींची भेट मिळाल्यासारखे होते. ही भेट कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

निसर्गाचाही या व्यवहारात वाटा आहे. लडाखास जाणारे आपले तरुण पाच हजार मीटरांपलीकडच्या खारदुंगला खिंडीत पोहोचतात, तेव्हा हवा विरळ झाल्यामुळे त्यांच्या इंजिनाची निम्म्याच्या आसपासच शक्ती उरते. आणि सपाटीवर वेग दुप्पट करावयाचा म्हटला, तर हवेचा प्रतिकार चौपट होऊन त्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते. वेगाचा शेवटचा घास नेहमीच असा महाग असतो.

थांबण्याचे गणितही असेच निष्ठुर आहे. कोरड्या रस्त्यावर, उत्तम ब्रेक लावूनही, ताशी 60 किलोमीटरवरून थांबावयास सुमारे 20 मीटर लागतात, तर ताशी 100 वरून सुमारे 55 मीटर. आणि धोका दिसल्यापासून ब्रेकवर बोटे जाईपर्यंतचा एक सेकंद यात धरलेला नाही. तेवढ्यात आणखी 28 मीटर मागे पडतात. 2022 साली देशातील रस्त्यांवर 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील शंभरांत 44 हून अधिक दुचाकीवरची होती आणि एकूण मृत्यूंत अतिवेगाचा वाटा 70 टक्क्यांच्या वर होता. म्हणून ज्यास खरोखर पैसे खर्च करावयाचे आहेत, त्याने ते आधी टायरांवर व ब्रेकवर, आणि त्याहीआधी स्वतःच्या शिक्षणावर करावेत.

आता कायद्याविषयी. मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम उत्पादकाच्या मूळ तपशिलात फेरबदल करण्यास मनाई करते. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ उचलून धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरबदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. विमा कंपनीस न कळविलेला बदल अपघातानंतर दावा नाकारण्याचे निमित्त ठरू शकतो, ते वेगळेच. कायदा आहे तोवर तो पाळलाच पाहिजे. परंतु तो पुरेसा विवेकी आहे काय, असा प्रश्न विचारणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे. रात्री बारा वाजता रुग्णालयापुढून फटाके वाजवीत जाणारा उनाड आणि मोजमाप घेऊन, नोंद ठेवून इंजिनावर प्रयोग करणारा जिज्ञासू, या दोघांस एकाच काठीने हाकणे हे शहाणपणाचे लक्षण नव्हे. पहिल्यावर दंड जरूर बसवावा. जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडण्याचा जो कार्यक्रम अनेक शहरांच्या पोलिसांनी केला, त्याबद्दलही आम्हांस दुःख नाही. मात्र दुसऱ्यासाठी एखादे दार उघडे हवे. जर्मनीत वाहनातील बदलांची तज्ज्ञांकडून तपासणी होते आणि योग्य ठरलेला बदल वाहनाच्या कागदपत्रांत नोंदला जातो. आपल्याकडे हे अशक्य का असावे? 1966 साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन पुण्याच्या टेकडीवरच उभी आहे. तिच्यासारख्या संस्थेने सुटे भाग प्रमाणित करावेत, परिवहन कार्यालयाने त्यांची नोंद घ्यावी आणि आवाज व धूर यांची मर्यादा ओलांडणाऱ्यास मात्र मुळीच क्षमा नसावी, अशी व्यवस्था सरकारने का करू नये? चेन्नईजवळ आणि कोइमतुरास शर्यतीचे बंदिस्त मार्ग आहेत. दुचाकी घडविणाऱ्या या नगरीच्या परिसरातही सामान्य स्वाराला माफक शुल्कात, देखरेखीखाली आपली गाडी अजमावता येईल अशी सोय वाढली, तर महामार्गावरची पुष्कळशी चढाओढ तेथे वळेल.

पूर्वी आम्ही वर्गात निबंधाची वही तपासीत असू, तेव्हा एक गोष्ट नेहमी आढळे. ज्यास थोडे सांगावयाचे असे, तोच मोठ्या अक्षरांत लिही. मोठ्या आवाजाच्या गाडीचेही तसेच आहे. आमच्या त्या विद्यार्थ्याने चाळीस हजार वाचविले, त्यांतले थोडे सुरक्षित वाहनचालनाच्या शिक्षणासाठी खर्च केले आणि पुढच्या खेपेस घाटात मालमोटारीमागे दहा मिनिटे मुकाट्याने चालण्याचे ठरविले. त्याच्या गाडीची अश्वशक्ती आजही आहे तेवढीच आहे. पण मागे बसलेली त्याची पत्नी आता घाटात डोळे मिटून घेत नाही, असे तो सांगतो. ही सुधारणा कोणत्याही यंत्रावर मोजता येणार नाही. तरीही तिचे मोल आम्हांस सर्वांत अधिक वाटते.