घास

मराठींत ‘घास’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. आईनें बाळाच्या मुखांत घालावयाचा तो घास, आणि गाईपुढें टाकावयाची हिरवी वैरण तोही घासच. हे अर्थ परस्परांस परके नाहींत. संस्कृतांत घस् म्हणजे खाणें. त्यापासून हा शब्द झाला, आणि अमरकोशांत तो गुरांच्या चाऱ्याच्या अर्थानें आला आहे. कोवळ्या, लुसलुशीत गवतास त्याच कोशांत शष्प असें निराळें नांव दिलें आहे. म्हणजे ‘घास’ हें नांव ठेवतांना आपल्या पूर्वजांनीं गवताचें फूल पाहिलें नाहीं कीं फळ पाहिलें नाहीं. तें खाल्लें जातें ही एकच गोष्ट पाहिली. आतां, ज्याचें नांवच ‘खाद्य’ तें हजारों वर्षें रोज खाल्लें जाऊनही पृथ्वीवरून नाहींसें कसें झालें नाहीं? या महिन्यांत हाच प्रश्न वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रश्न केवळ शब्दकोशाचा नाहीं. आम्ही राहतों तें पिंपळे सौदागर हें पवनेच्या कांठचें जुनें शेतकऱ्यांचें गांव. आज तें पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत असून, जेथें शेतें होतीं तेथें बहुमजली इमारतींच्या रांगा उभ्या आहेत. शेजारीं पिंपरीस लष्कराचा डेअरी फार्म होता. हिंदुस्थानांत अशा लष्करी गोशाळांची परंपरा १८८९ सालीं अलाहाबादेस सुरू झाली आणि २०२१ सालीं सरकारनें ती संपविली. असें असूनही दोन इमारतींमधील एखाद्या मोकळ्या भूखंडावर, नाहीं तर नदीच्या कांठानें, धनगरांचीं मेंढरें अजून चरतांना दिसतात, आणि सज्जांतून पाहणारे सुशिक्षित गृहस्थ म्हणतात, “हीं मेंढरें जमिनीचें वाटोळें करतात!” हें वाक्य खरें कीं खोटें, यावर पुष्कळ कुरणांचें आणि पुष्कळ कुटुंबांचें भवितव्य अवलंबून आहे. म्हणून मेंढरांचा न्याय करण्यापूर्वीं गवताची साक्ष काढणें अवश्य आहे.

पहिली गोष्ट गवताच्या शरीररचनेची. तुळशीचा शेंडा खुडला तर तोच शेंडा पुन्हा वाढत नाहीं. कारण वाढणारा कोंभ टोंकालाच असतो. गवताची तऱ्हा उलट आहे. त्याच्या पात्याची वाढ टोंकाकडून होत नसून बुडाकडून होते, आणि नवीं पानें निर्माण करणारा मुख्य कोंभ पानांच्या वेष्टनांत, जमिनीलगत, जनावराच्या दातांच्या खालीं दडून बसलेला असतो. आपल्या बोटाचें नख टोंकास कापलें तरी जसें मुळाकडून पुढें सरकतें, तसेंच हें. घरांतील मुलांकडून एक सोपा प्रयोग करवून घ्यावा. कुंडींतील गवताचें नुकतेंच बाहेर पडणारें पातें निवडून त्यावर सारख्या अंतरानें शाईचे ठिपके द्यावे. चार-पांच दिवसांनीं पाहिलें तर वरच्या ठिपक्यांमधील अंतर होतें तेंच राहिलेलें असतें, आणि सर्वांत खालच्या ठिपक्याखालीं नवें, कोरें पातें आलेलें दिसतें. जनावर खातें तें जुनें टोंक. वाढणारें बूड त्याच्या तोंडीं लागत नाहीं. मात्र हें कवच बारमाही नव्हे. बीं धरण्याची वेळ आली कीं तोच कोंभ दांड्याबरोबर वर चढतो, आणि त्या वेळीं त्यास दांत लागला तर त्या दांड्याचें आयुष्य तेथेंच संपतें.

दुसरी गोष्ट फुटव्यांची. मुख्य कोंभ जोमांत असतो तोंवर बुडाशीं असलेले डोळे निजून राहतात. तो खुडला गेला, किंवा वरचीं पातीं निघून उजेड बुडापर्यंत पोंचला, म्हणजे ते जागे होतात, आणि एका काडीच्या जागीं चार फुटवे येतात. याचें उत्तम उदाहरण आपल्या देवघराशींच निगडित आहे. गणपतीस वाहावयाच्या एकवीस दूर्वांसाठीं घरांतील स्त्रिया हरळीचे तीन वा पांच पात्यांचे कोवळे शेंडे खुडतात. ज्या वाफ्यांतून नेमानें दूर्वा खुडल्या जातात, तो वाफा विरळ न होतां उलट दाट होत जातो. हें खुडणें म्हणजे हातानें केलेली चराईच होय. अमरकोशकारांनीं दूर्वेस शतपर्विका, सहस्रवीर्या, रुहा, अनंता अशीं नांवें दिलीं आहेत. पैकीं रुहा म्हणजे उगवणारी आणि अनंता म्हणजे जिला अंत नाहीं ती. तैत्तिरीय संहितेंतील दूर्वेच्या मंत्रांतही ती कांड्याकांड्यांतून, पेऱ्यापेऱ्यांतून वाढते असें वर्णन आहे. आधुनिक वनस्पतिशास्त्र याहून फारसें निराळें सांगत नाहीं. हरळीचीं खोडें जमिनीवरून धांवतात व जमिनीखालूनही पसरतात, आणि त्यांच्या प्रत्येक पेऱ्याशीं नवें मूळ व नवा कोंभ फुटूं शकतो.

तिसरी गोष्ट ठेंगणेपणाची. जेथें गुरें नित्य चरतात तेथें गवत उभें वाढण्याऐवजीं आडवें पसरतें. यांत दोन प्रकार आहेत, आणि त्यांतील भेद ध्यानांत घेण्यासारखा आहे. एकच रोप प्रसंग पाहून अंग चोरतें, आणि चराई थांबली कीं पुन्हा उंच होतें. हा झाला पहिला प्रकार. दुसरा अधिक खोल आहे. अमेरिकेंतील मेरीलँड प्रांतांत एका कुरणाचे दोन भाग करून एकांत गुरें चारलीं होतीं, व दुसरा भाग वाळल्या गवतासाठीं राखला होता. विभागणीनंतर तीन वर्षांनीं केंप नांवाच्या शास्त्रज्ञानें दोन्हींकडचीं रोपें उपटून एकाच बागेंत, एकाच मातींत लावलीं. आतां दोघांवरही गुरांचें तोंड नव्हतें. तरीसुद्धां चरलेल्या भागांतून आणलेल्या रोपांत ठेंगणीं व पसरणारीं पुष्कळ निघालीं, आणि राखलेल्या भागांतील बहुधा ताठ व उंच. केंप यांनीं हा वृत्तांत १९३७ सालीं प्रसिद्ध केला. तात्पर्य, गुरांनीं रोपांना नुसतें वांकविलें नाहीं. ताठ होतीं तीं खाऊन टाकलीं आणि खुजीं होतीं त्यांचा वंश चालूं दिला. डार्विननें ज्यास नैसर्गिक निवड म्हटलें, ती येथें तीन वर्षांत डोळ्यांना दिसली.

गवत नुसतें सोसतें असेंही नाहीं; तें प्रतिकार करतें. गवताच्या पात्यानें बोट चिरल्याचा अनुभव पुष्कळांस असेल. त्या पात्यांत वाळूच्या जातीचें सिलिका नांवाचें द्रव्य सांठविलेलें असतें. त्यानें दांत झिजतात व घास कठीण होतो. आफ्रिकेंतील सेरेंगेटीच्या अफाट कुरणांचा अभ्यास करणाऱ्या मॅकनॉटन यांनीं १९८३ सालीं असें दाखविलें कीं, जेथें चराई जास्त तेथील गवतांत हें द्रव्यही जास्त सांठतें. आपल्या दख्खनच्या माळावरील कुसळीचा उपाय आणखी निराळा. ती कोवळी असतांना जनावर आनंदानें खातें. परंतु बीं धरतांच तिला टोंकदार कुसळें येतात. तीं धोतरांत अडकतात, मेंढरांच्या लोंकरींतून कातड्यांत शिरतात, आणि जमिनीवर पडलीं म्हणजे ओल लागून व पुन्हा सुकून पीळ घेतात व सोडतात, आणि आपलें बीं गिरमिटाप्रमाणें मातींत रुजवितात. यामुळें होतें काय कीं, पवन्या, मारवेल यांसारखीं गोड, बहुवर्षायु गवतें जनावरें आधीं निवडून खातात; माळावर ताण वाढला म्हणजे तीं मागें पडून कुसळीचें राज्य होतें, आणि त्याहीपुढें गेल्यास एका पावसांत उगवून वाळणारीं हलकीं गवतें तेवढीं उरतात. जाणता मेंढपाळ माळावर कोणतें गवत आहे हें पाहूनच त्या माळाची प्रकृति ओळखतो.

येथें सज्जांतील गृहस्थ विचारतील, “मग माळ उजाड होतात ते कशानें?” त्याचें उत्तर जमिनीखालीं आहे. गवताचें भांडवल त्याच्या बुडाशीं व मुळांत असतें, आणि नवें पातें फुटावयाचें तें प्रथम त्या भांडवलावर. अमेरिकेच्या शेतकी खात्यांतील क्रायडर यांनीं १९५५ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाल्याचा ४० टक्क्यांपर्यंत भाग कापला तर मुळांची वाढ थांबली नाहीं; परंतु बहुतेक सर्व पाला एकदम कापला तेव्हां मुळें कित्येक दिवस वाढेनाशीं झालीं. १९५७ सालीं फ्रान्समधील आंद्रे व्हॉइसिन यांनीं आपल्या ग्रंथांत याचाच व्यवहारी नियम केला: एका चराईनंतर दुसरी चराई होईपर्यंत गवतास सांवरावयाला पुरेसा काळ मिळाला पाहिजे, आणि नुकतेंच फुटलेलें कोवळें पातें त्याच फेरींत पुन्हा जनावराच्या दातांखालीं येतां कामा नये. गवत मरतें तें पहिल्या घासानें नव्हे. तें सांवरण्यापूर्वीं घेतलेल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या घासानें मरतें. त्यांत आपल्या अवर्षणी मुलुखांत गवतास वाढावयाला जून ते सप्टेंबर हे चारच महिने. त्यांत विसावा हुकला तर पुढील पावसाळ्यापर्यंत भरपाई नाहीं.

मग चराई सर्वस्वीं बंद करावी काय? नगर जिल्ह्यांतील हिवरे बाजारनें चराईबंदी करून माळ पुन्हा गवतानें भरून काढले, हें सर्वश्रुत आहे. पण तेथेंही गवत तसेंच ठेवीत नाहींत. तें विळ्यानें कापून नेतात. विळा हेंही तोंडच आहे, फरक इतकाच कीं तें वेळ पाहून उघडतें. याउलट राजस्थानांत भरतपूरच्या केवलादेव उद्यानांत १९८२ सालीं गुरांना बंदी झाली. म्हशी गेल्या, तेव्हां पाणथळींत पास्पालम जातीचें गवत इतकें माजलें कीं पाण-पक्ष्यांना मोकळें पाणी मिळेना. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासांत, हें गवत म्हशीच आवरीत होत्या, असें निष्पन्न झालें. न खाल्लेलें गवत आपल्याच वाळक्या पाचोळ्याखालीं गुदमरतें. सारांश, अतिभोजन जसें घातक तसा चिरकालीन उपवासही.

धनगरांच्या जुन्या जीवनक्रमांत हा विसावा आपोआप मिळत असे. पूर्वेकडील कोरड्या तालुक्यांतील कळप दिवाळीनंतर पश्चिमेकडे निघत, कित्येक घाट उतरून कोंकणांत जात, वाटेंत शेतकऱ्यांच्या रानांत खतासाठीं मेंढ्या बसवीत, आणि पावसाच्या सुमारास परत फिरत. आज येथें, उद्यां पुढच्या गांवीं. त्यामुळें एका जागेवर दुसरा घास पडावयाच्या आंत कळप दूर गेलेला असे. आतां वाटेवर कुंपणें आलीं, माळ विकले गेले, कारखाने व वसाहती उभ्या राहिल्या. राहिलेल्या चतकोर तुकड्यावर तेंच तोंड पुन्हा पुन्हा पडूं लागलें. त्या तुकड्याची दुर्दशा पाहून दोष मेंढराला द्यावयाचा, हा न्याय नव्हे.

दुसरा अन्याय नांवाचा आहे. महसुलाच्या भाषेंत अशा माळाला ‘पडीक’ म्हणतात, आणि पडीक म्हटलें कीं कोणीही उठावें व तेथें खड्डे खणून झाडें लावावीं, असें सत्कृत्य सुचतें. माळ म्हणजे तोडलेलें जंगल, अशी ही समजूत. २०२५ सालीं आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील यांनीं जुन्या मराठी वाङ्मयांतील व लोकपरंपरेंतील वनस्पतींचे उल्लेख तपासून असें दाखविलें कीं, पश्चिम महाराष्ट्रांतील हे गवताळ प्रदेश निदान साडेसातशें वर्षें तरी गवताळच आहेत. आपल्याच जिल्ह्यांत, बारामती तालुक्यांतील सुप्याजवळ, मयूरेश्वर अभयारण्य चिंकारा हरणांसाठीं राखलेलें आहे. तें जेमतेम पांच चौरस किलोमीटरांचें. पण माळ हीही एक संपत्ति आहे हें ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं मुलाबाळांसह तेथें अवश्य जावें.

याज्ञवल्क्यस्मृतींत गांव आणि शेतें यांच्यामध्यें गुरांसाठीं मोकळी जागा किती असावी याचें मान दिलें आहे: गांवाभोंवतीं शंभर धनुष्यें, खर्वटाभोंवतीं, म्हणजे मोठ्या कसब्याभोंवतीं, दोनशें, आणि नगराभोंवतीं चारशें. धनुष्य म्हणजे चार हात; तेव्हां नगराभोंवतीं जवळजवळ पाऊण किलोमीटरचा पट्टा झाला. वस्ती वाढली कीं कुरण वाढावें, असा त्या शास्त्रकारांचा हिशेब. आमचें पिंपळे सौदागर गांवाचें नगर झालें, आणि आम्हीं तो नेमका उलटा केला. गेलेलें कुरण येथें परत येणार नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालींच गांवांच्या सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणें काढण्याविषयीं आदेश दिलेला आहे, आणि आमच्या पुष्कळ वाचकांचें मूळ गांव, तेथील ग्रामसभा व तेथील गायरान अजून शाबूत आहे. सुटींत गांवीं गेल्यावर त्या गायरानाची चौकशी करावी. तें कोणाच्या नांवावर जाऊं घातलें आहे काय हें पाहावें. तेथें झाडें लावण्याचा बेत असेल तर आधीं गवत ओळखणाऱ्या मेंढपाळास विचारावें. आणि चराई बंद करण्यापेक्षां तिच्या पाळ्या बांधून द्याव्या. घरच्यापुरतें सांगावयाचें तर, दूर्वांचे वाफे दोन करून आळीपाळीनें खुडावे. एकास विसावा मिळेल, आणि घरांतील लहानांस हा सारा विषय न सांगतां कळेल.