सही झाली, तपासणी झाली का?

दिवाळी उलटून हवेत गारवा आला की पुणे, नाशिक, मुंबईच्या आसपास सायकल शर्यतींचा हंगाम रंगू लागतो. या शर्यतींत पस्तिशी-चाळिशी ओलांडलेले हौशी स्पर्धकही असतात. त्यांच्यासाठी ‘मास्टर्स’ नावाचा वेगळा वयोगट ठेवलेला असतो. कुणी बँकेत अधिकारी, कुणी अभियंता, कुणी शिक्षिका, कुणी स्वतःच डॉक्टर. पहाटे पाचला उठून सराव करायचा, दिवसभर नोकरी-धंदा सांभाळायचा आणि एखाद्या शनिवार-रविवारी क्रमांक लावून शर्यतीत उतरायचे, असा हा शौक आहे.

नाव नोंदवताना एक अर्ज भरावा लागतो. नाव, वय, रक्तगट, टी-शर्टचे माप आणि सर्वांत खाली एक ओळ: ‘मी पूर्णपणे तंदुरुस्त असून स्वतःच्या जबाबदारीवर भाग घेत आहे.’ टी-शर्टचे माप आपण विचार करून लिहितो. या ओळीखाली मात्र न वाचताच सही करतो किंवा मोबाइलवर खूण करून पुढे जातो. माझ्या मते अर्जातली सर्वांत महत्त्वाची ओळ हीच आहे आणि स्पर्धक, आयोजक व डॉक्टर या तिघांनीही ती गांभीर्याने घेतलेली नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ‘या वयात कशाला हवी शर्यत?’ असे म्हणणाऱ्यांच्या बाजूने हा लेख नाही. उतारवयातल्या सायकलिंगच्या बाजूने विज्ञान ठामपणे उभे आहे. इंग्लंडमधील संशोधकांनी ५५ ते ७९ वयाच्या १२५ हौशी सायकलस्वारांची तपासणी केली. पुरुषांसाठी अट होती साडेसहा तासांच्या आत १०० किलोमीटर आणि स्त्रियांसाठी साडेपाच तासांच्या आत ६० किलोमीटर सायकल चालवता येण्याची. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, वयाबरोबर होणारी स्नायूंची झीज या मंडळींमध्ये दिसली नाही आणि रोगप्रतिकारक टी-पेशी नव्याने तयार होण्याचे प्रमाण तरुणांइतकेच होते. अर्थात, मुळात निरोगी असलेलीच माणसे त्या वयात सायकल चालवत असणार, हेही ध्यानात ठेवायला हवे.

फ्रान्सचे रोबेर मार्शां यांचे उदाहरण तर थक्क करणारे आहे. २०१२ मध्ये, वयाच्या शंभरीनंतर, त्यांनी एका तासात २४.२५ किलोमीटर अंतर कापले. दोन वर्षांनी, वयाच्या १०२व्या वर्षी, हाच आकडा २६.९२७ किलोमीटरवर गेला. त्यांच्यावर अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांना दिसले की, १०१ ते १०३ या वयात त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे १३ टक्क्यांनी वाढली होती. त्यांचा सराव कसा होता? सुमारे ८० टक्के हलका आणि फक्त २० टक्के जोराचा. हा आकडा आपल्याकडच्या उत्साही मंडळींनी जपून ठेवावा.

मग अडचण कुठे आहे? अडचण आहे ‘फिट’ आणि ‘निरोगी’ हे दोन शब्द एकच मानण्यात. घाट किती मिनिटांत चढलो, यावरून स्नायूंची आणि फुप्फुसांची ताकद कळते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या आत काय साचले आहे, ते त्यावरून कळत नाही. पस्तिशीच्या आतल्या खेळाडूंचा अचानक मृत्यू झाला तर त्यामागे बहुधा हृदयाचा जन्मजात किंवा आनुवंशिक दोष असतो. पस्तिशीनंतर मात्र मुख्य कारण असते ते याच धमन्यांतील अडथळ्यांचे. आपल्यासाठी हा मुद्दा अधिक जिव्हाळ्याचा आहे. ‘इंटरहार्ट’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या २००७ मधील विश्लेषणात, दक्षिण आशियातील रुग्णांना पहिला हृदयविकाराचा झटका येण्याचे सरासरी वय ५३ वर्षे आढळले, तर इतर देशांमध्ये ते सुमारे ५९ होते. म्हणजे आपला ‘मास्टर्स’ वयोगट आणि आपले धोक्याचे वय, दोन्ही एकाच वेळी सुरू होतात.

‘मी तर दर रविवारी १०० किलोमीटर जातो, मला काय होणार?’ हा नेहमीचा प्रश्न. रोजची फेरी आणि शर्यत यांत मोठा फरक आहे. आपल्याकडे लोकप्रिय झालेली ‘ब्रेव्हे’ ही स्पर्धा नव्हे. तिथे २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात. दमलात तर थांबा, चहा घ्या, पुढे निघा. शर्यतीत वेग तुम्ही ठरवत नाही, समोरचा ठरवतो. सपाट रस्त्यावर ताशी ३५-४० किलोमीटरच्या वेगात बहुतांश ताकद हवा कापण्यात जाते. पुढच्या सायकलच्या मागे चिकटून राहिले तर त्यातला चांगलाच मोठा भाग वाचतो. त्यामुळे घोळका सुटू नये म्हणून प्रत्येक वळणावर, प्रत्येक चढावर जिवाच्या आकांताने पेडल मारावे लागते. नाडी काही सेकंदांत कमाल पातळीला भिडते. त्यात स्पर्धेचा ताण, पहाटेची थंडी, अपुरी झोप. एकट्याने केलेल्या सरावात शरीराची ही परीक्षा कधी झालेलीच नसते.

भीती दाखवण्यासाठी हे लिहिलेले नाही, म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी. अमेरिकेतील पोर्टलंड परिसरात ३५ ते ६५ वयोगटातील, हृदय अचानक बंद पडल्याच्या सव्वा हजारांच्या आसपास घटनांचा अभ्यास झाला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी खेळताना किंवा व्यायाम करताना घडलेल्या घटना केवळ ५ टक्के होत्या आणि त्यांतील रुग्ण वाचण्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त होते. मात्र त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष अधिक बोलका आहे. खेळताना कोसळलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जणांना आदल्या आठवड्यात काही ना काही त्रास जाणवला होता. शरीर सूचना देत होते. ऐकले गेले नाही.

ती न ऐकण्याची सवय नेमकी शर्यतीच्या आठवड्यात बळावते. सहा महिने सराव केलेला असतो, शुल्क भरलेले असते, मित्रमंडळींना सांगून झालेले असते. मग छातीतली जळजळ ‘ॲसिडिटी’ ठरते, नेहमीच्या चढावर लागलेली धाप ‘झोप कमी झाली’ म्हणून सोडून दिली जाते आणि तापातून उठून दोन दिवस झाले तरी माणूस सुरुवातीच्या रेषेवर उभा राहतो. विषाणूजन्य तापात हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते आणि अशा वेळी केलेले अतिश्रम जिवावर बेतू शकतात. ताप, अंगदुखी, छातीत कफ असेल तर शर्यत सोडून द्यावी, यात दुमत असू नये.

तपासणी म्हणजे काय करावे? प्रत्येकाने महागड्या चाचण्यांची रांग लावावी, असे अजिबात नाही. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांसमोर पंधरा मिनिटे बसावे. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि एक ईसीजी इथून सुरुवात व्हावी. वडील, भाऊ, काका यांपैकी कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर ते सांगावे. आपण व्यायाम म्हणून सायकल चालवत नसून शर्यतीत उतरणार आहोत, हे स्पष्ट शब्दांत सांगावे. नाहीतर डॉक्टर ‘सायकल चालवा, चांगली असते’ म्हणून पाठवून देतील. मधुमेह, उच्च रक्तदाब, धूम्रपान किंवा घराण्यातला हृदयविकार असेल तर डॉक्टर स्ट्रेस टेस्ट किंवा पुढील तपासणी सुचवतील. या चाचणीचीही मर्यादा आहे. तिला प्रामुख्याने मोठे अडथळे दिसतात. लहानसा मेदाचा थर फुटून अचानक गुठळी होण्याची शक्यता ती पूर्णपणे नाकारू शकत नाही. म्हणून चाचणी उत्तम आली तरी शर्यतीत छातीत दडपण, भोवळ किंवा अनियमित धडधड जाणवली तर थांबायचेच.

धडधडीवरून आणखी एक गोष्ट. स्वीडनमधील ‘वासालोपेट’ या ९० किलोमीटरच्या बर्फावरील शर्यतीत भाग घेतलेल्या ५० हजारांहून अधिक जणांच्या अभ्यासात, ज्यांनी जास्त वेळा आणि जास्त वेगाने शर्यत पूर्ण केली त्यांच्यात हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता अधिक आढळली. वर्षानुवर्षे दम लावणाऱ्यांनी ही तक्रार ‘कॉफी जास्त झाली’ म्हणून झटकू नये.

आता शनिवार आणि रविवारच्या मधल्या रात्रीविषयी. अनेक ठिकाणी शनिवारी टाइम ट्रायल आणि रविवारी घाटाची सामूहिक शर्यत असते. तिशीतल्या तरुणाला एका रात्रीत जे भरून काढता येते, त्याला पन्नाशीत अनेकदा जास्त वेळ लागतो. शनिवारी शर्यत संपताच पहिल्या काही तासांत खाणे महत्त्वाचे. स्नायूंमधला साखरेचा साठा तेव्हा वेगाने भरतो. दर किलो वजनामागे दर तासाला सुमारे एक ग्रॅम कर्बोदके, म्हणजे ७० किलोच्या माणसाला दोन मोठ्या वाट्या भातातून मिळतात तेवढी. वरण-भात, मुगाची खिचडी, केळी, खजूर यांनी हे काम उत्तम होते. पाय दुखतात म्हणून रात्री वेदनाशामक गोळी घेऊन सकाळी पुन्हा घाम गाळण्याची पद्धत मात्र घातक आहे. शरीरात पाणी कमी असताना अशा गोळ्यांचा मूत्रपिंडावर ताण येतो. शिवाय गोळीने वेदना दबते, तशी शरीराची सूचनाही दबते. रविवारी सकाळी विश्रांतीची नाडी नेहमीपेक्षा बरीच वाढलेली असेल तर त्या दिवशी क्रमांकासाठी न धावता शर्यत पूर्ण करण्यापुरते चालवावे.

नाडीच्या सूत्रांवरही फार विसंबू नये. २२० वजा वय किंवा २०८ वजा वयाच्या ०.७ पट, ही सारी सरासरीची गणिते आहेत. प्रत्यक्षात माणसामाणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांना तर ती लागूच पडत नाहीत.

जबाबदारी स्पर्धकावर टाकून आयोजकांना मात्र मोकळे होता येणार नाही. हृदय बंद पडल्यावर विजेचा झटका मिळायला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिरागणिक जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. घाटमाथ्यावरची शर्यत आणि पायथ्याशी उभी असलेली एकच रुग्णवाहिका, हे गणित जुळत नाही. मार्गावर ठरावीक अंतरावर एईडी यंत्र घेतलेली दुचाकी आणि सीपीआर शिकलेले स्वयंसेवक असावेत. उतारावर समोरून ट्रक-टेम्पो येत असताना शर्यत होऊच नये. वाहतूक थांबवणे शक्य नसेल तर घोळक्याच्या शर्यतीऐवजी एकेकाला सोडण्याची टाइम ट्रायल घ्यावी. उतारावर पडण्याचा धोका तर हृदयविकारापेक्षा कितीतरी नेहमीचा आहे. केवळ सायकलिंग करणाऱ्यांची हाडे भक्कम होतातच असे नाही, कारण सायकलवर शरीराचा भार हाडांवर फारसा येत नाही. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांनी तर वजनांचा व्यायाम सोबत करायलाच हवा.

यावर आक्षेप येतो की, एवढ्या अटी घातल्या तर खर्च वाढेल आणि लोक येणार नाहीत. खर्च वाढेल, हे खरे. पण टी-शर्ट, पदक आणि ड्रोनच्या चित्रीकरणासाठी पैसे निघतात, तिथे एईडीसाठीही निघू शकतात. उरला प्रश्न लोकांचा. ज्या घरात ‘आता पुरे झाली तुमची सायकल’ असे म्हटले जाते, तिथे खरी अडचण असते ती काळजीची. नीट तपासणी आणि मार्गावरची चोख व्यवस्था दिसली तर तेच घर पाणी द्यायला रस्त्याच्या कडेला उभे राहील.

म्हणून सूचना साधी आहे. ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ या ओळीच्या जागी पाच प्रश्न छापावेत: गेल्या वर्षभरात ईसीजी काढला का? श्रम करताना छातीत दुखते, भोवळ येते का? घरात कमी वयात हृदयविकार कुणाला झाला आहे का? कोणती औषधे चालू आहेत? गेल्या दोन आठवड्यांत ताप आला होता का? एकाही उत्तरात शंका असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणल्याशिवाय क्रमांक मिळू नये. आणि शर्यतीच्या दिवशी सकाळी कुणी ‘बरे वाटत नाही’ म्हणून आला, तर त्याचे शुल्क पुढच्या शर्यतीसाठी राखून ठेवावे. पैसे बुडणार नाहीत, हे माहीत असले की माघार घेणे सोपे जाते. ज्याला आणखी वीस वर्षे घाट चढायचा आहे, त्याने एक रविवार सोडायला हरकत नाही.