रांगेचा भाव

गेले दोन महिने आमच्या घरी एकच विषय चालू आहे. अमेरिकेत अटलांटा येथे राहणाऱ्या माझ्या मामाने आई, आजी आणि मी अशा तिघींना मे महिन्याच्या सुटीत बोलावले आहे आणि तिथून मोटारीने सात तासांवर असलेले ‘वॉल्ट डिस्ने वर्ल्ड’ दाखवण्याचे ठरवले आहे. मामाला नोकरीतून सवड नाही. तेव्हा काय, केव्हा आणि कसे पाहायचे याचा आराखडा करण्याचे काम माझ्याकडे आले. सहल ठरवणे म्हणजे एस.टी.ची वेळ पाहणे, दशम्या बांधणे आणि पाण्याची बाटली भरणे, एवढाच माझा आजवरचा अनुभव!

पहिल्याच दिवशी माझी समजूत दुरुस्त झाली. हे एखादे उद्यान नव्हे. फ्लोरिडातील ओरलँडो शहराजवळ शंभरावर चौरस किलोमीटर जागेत पसरलेली ती एक नगरीच आहे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी ‘मॅजिक किंग्डम’ उघडले. १९८२ मध्ये ‘एपकॉट’, १९८९ मध्ये आज ज्याला ‘हॉलिवूड स्टुडिओज’ म्हणतात ते, आणि १९९८ मध्ये ‘अॅनिमल किंग्डम’ उभे राहिले. एका उद्यानाला एक दिवस, हा साधा हिशेब. प्रवेशाचा दर तारखेप्रमाणे बदलतो; दिवस वाढवले की दर दिवसाचा खर्च कमी पडतो. उपाहारगृहातील टेबल साठ दिवस आधी राखून ठेवता येते. ज्याच्या मनात ही नगरी प्रथम उभी राहिली, तो वॉल्ट डिस्ने मात्र १९६६ च्या डिसेंबरातच वारला. त्याला ती पाहायला मिळाली नाही.

या वाचनात एक गोष्ट माझ्या मनात फार भरली. ती जागा पाणथळ. जमिनीखाली थोडे खणले तरी पाणी लागायचे. म्हणून ‘मॅजिक किंग्डम’मध्ये नोकरवर्गाच्या ये-जा करण्याचे बोगदे जमिनीवरच बांधले, शेजारचे तळे खणून निघालेली माती त्यांच्याभोवती भरली आणि उद्यान त्यांच्या माथ्यावर वसवले. पाहुणा चालतो तो खरे म्हणजे वरच्या मजल्यावर! कचरा, सामान, कामगारांची धावपळ यांतले काही त्याच्या नजरेस पडू नये, यासाठी हा सारा खटाटोप. कष्ट असे लपवता आले. रांग मात्र कोणाला लपवता आली नाही. आणि माझे सारे नियोजन याच रांगेपाशी येऊन अडले.

या रांगेलाही इतिहास आहे. आरंभी राइडच्या दर्जाप्रमाणे ‘ए’ ते ‘ई’ अशी कुपने घ्यावी लागत. १९८२ मध्ये ती पद्धत गेली आणि एकच प्रवेशमूल्य आले. आत शिरल्यावर सर्वांचे पाय सारखेच दुखणार! १९९९ मध्ये ‘फास्टपास’ आला. यंत्रातून चिठ्ठी घ्यायची, तीवर छापलेल्या वेळी परत यायचे आणि वेगळ्या रांगेने आत जायचे. त्यासाठी निराळा पैसा पडत नसे. २०२१ पासून मात्र या वेगळ्या रांगेचे, म्हणजे ‘लाइटनिंग लेन’चे, पैसे पडू लागले. आज डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्याला तिची वेळ सात दिवस आधी ठरवता येते, बाहेर उतरणाऱ्याला तीन दिवस आधी. २०२४ च्या अखेरीस याहून वरचा एक पास निघाला. वेळ न ठरवता वेगळ्या रांगेने जाण्याची त्यात सोय होती, आणि त्याचा आरंभीचा दर माणशी दिवसाला १२९ ते ४४९ डॉलर होता. प्रवेशाचे तिकीट अर्थातच निराळे.

मी ही हकिकत आमच्या अर्थशास्त्राच्या सरांना सांगितली. ते हसून म्हणाले, “यात वावगे काय? वस्तू दुर्मीळ असली की किंमत तिची वाटणी करते. ज्याला वेळ मोलाचा, तो पैसे देईल. ज्याला पैसा मोलाचा, तो उभा राहील. दोघेही आपापल्या मर्जीचे धनी.”

सरांचा सिद्धांत मला परीक्षेत लिहायचा आहे, तरीही येथे थोडा मतभेद नोंदवते. समजा, एका राइडवर तासाला हजार माणसे बसतात. त्यांतल्या सहाशे जागा पासवाल्यांना दिल्या, की साध्या रांगेला उरल्या चारशे. म्हणजे पासवाला जो वेळ विकत घेतो, तो विक्रेत्याच्या कोठारातला नसतो. तो साध्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या खिशातला असतो. त्या माणसाला कोणी विचारत नाही आणि किमतीतला छदामही त्याच्या हाती पडत नाही. शिवाय रांग जितकी लांब, तितका पासाला भाव अधिक. मग रांग आखूड करण्यात विकणाऱ्याचा स्वार्थ काय उरला?

पण हे सारे अमेरिकेच्या माथी मारून आपण नामानिराळे राहू शकत नाही. तिरुपतीला तीनशे रुपयांचे विशेष प्रवेश दर्शन आहेच. एस.टी. फलाटाला लागण्यापूर्वी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे आपणच. रुमालाचे पैसे पडत नाहीत, एवढाच काय तो फरक!

तेव्हा मी मामाला ठणकावून कळवले की, आपण पास घ्यायचा नाही. आईने ते ऐकले आणि शांतपणे म्हणाली, “तुझी तत्त्वं आजीच्या गुडघ्यांवर उभी करू नकोस.”

मी निरुत्तर झाले. आजीचे वय पंच्याहत्तर. तिथला उकाडा दमट. माझ्या आराखड्यात चार दिवसांत बेचाळीस गोष्टी होत्या, पहिली सकाळी सातला. या बेचाळिसांत आजीला काय हवे, हे मी तिला एकदाही विचारले नव्हते. समतेवर एवढे बोलणाऱ्या माझ्या हातून झालेला हा अन्याय लहान नव्हता.

मी वही घेऊन तिच्यापाशी बसले. आजी पंढरपूरजवळच्या खेड्यातली. आषाढीच्या दर्शनबारीत ती कित्येकदा रात्रभर उभी राहिली आहे. सारे ऐकून ती म्हणाली, “समदं बघायचं कुणी सांगितलंय गं? चार गोष्टी दाव, पर बसवून दाव. बारीचं मला भ्या न्हाई. बारीत माणसं भेटत्यात.” देशोदेशीच्या बाहुल्यांमधून जाणारी होडी तिला आवडली. मोकळ्यावर फिरणारे जिराफ आणि हत्ती मोटारीत बसून पाहता येतात, तेही आवडले. वाघांचे नाव काढताच मात्र म्हणाली, “वाघ बघाया अमेरिकेला? ऱ्हाऊ दे.”

आता नवा आराखडा असा आहे. दिवसाला तीनच गोष्टी. उन्हाच्या वेळी खोलीवर विश्रांती. आजीसाठी उद्यानात भाड्याने मिळणारी चाकाची खुर्ची. पास घ्यायचा नाही; पण एखाद्या दिवशी आजीला खरोखरच झेपेनासे झाले, तर तिच्यासाठी आणि आईसाठी घ्यायचा. मी साध्या रांगेतच उभी राहीन. या तडजोडीने माझे तत्त्व पुरते शाबूत राहिले, असा माझा दावा नाही. बेचाळिसांच्या बारा झाल्या, तेव्हा पासाची गरजच बहुतांशी उरली नाही, हे मात्र ध्यानात आले. पुढे घुसण्याची घाई ही पुष्कळदा आपल्याच यादीच्या लांबीतून जन्मते.

मित्रहो, पहिल्यांदाच कोठे जाणाऱ्याला मी एवढेच सांगेन. वेळापत्रक जरूर करा. पण त्याआधी बरोबर येणाऱ्यांपैकी सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाला विचारा, की तुला काय पाहायचे आहे? आजीने परवा आपल्या पिशवीत शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा घालून ठेवला. म्हणाली, “बारीत वाटायला व्हतील.”

(तृतीय वर्ष कला)